नाकावरचा भार

सिब्रेनने स्वतःचे वजन आयुष्यात क्वचितच केले असेल. न्हाणीघरातला वजनकाटा मात्र त्याने इतका वापरला होता की त्याच्या रबरी पृष्ठावर मधोमध एक चौकोनी खळगा पडला होता. हा खळगा एका लाकडी दांडक्याचा. दर उन्हाळ्यात, प्रवासाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, तो काटा अंगणातल्या विटांवर ठेवी, त्यावर दांडका उभा करी आणि कॅराव्हॅनचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचे, पुढचे टोक त्या दांडक्यावर अलगद टेकवी. या टोकाला सगळे नाकच म्हणत. गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर हे नाक बसते, आणि ते किती जड बसते यावर सगळ्या प्रवासाची भिस्त असते. फार जड बसले तर गाडीची मागची चाके दबतात. फार हलके बसले तर मागचे घर पुढच्या गाडीला जुमानत नाही. सिब्रेनची एसयूव्ही लहान आणि जुनी होती. तिला किती ओढवते आणि किती नाही, हे त्याला स्वतःच्या पाठीइतके ठाऊक होते. काटा हवा तिथे येईपर्यंत तो पाण्याचे डबे पुढे सरकवी, खुर्च्या मागे नेई, कपाटातल्या डब्यांची जागा बदली, आणि मग खिडकीतून बायकोला, हिस्केला, हाक मारी, "बसलं!"

"कोण बसलं?" हिस्के दरवर्षी आतून विचारी.

"नाक बसलं."

"चला. आता तोंडही बसेल तर बरं," ती म्हणे, आणि दोघे हसत.

माणूस मूळचाच असा होता. फ्रिसलंड प्रांताच्या उत्तरेला, समुद्राच्या बांधापासून फार दूर नसलेल्या एका कालव्यावर त्याने पूल राखला होता. बोट आली की फाटके पाडायची, पूल उचलायचा, गळाच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट नावाड्यापुढे झुलवायचा, त्याने त्यात टोल टाकला की बूट ओढून घ्यायचा आणि पूल खाली आणायचा. पूल उचलण्याआधी तो दोन्हीकडे पाही, आणि पाहून झाल्यावर पुन्हा एकदा पाही. त्याच्या कारकिर्दीत त्या पुलावर कुणाला साधे खरचटलेही नाही. पुढे पुलावर कॅमेरे आले, पूल दूरच्या शहरातून उघडू-मिटू लागला, आणि सिब्रेनला पुलाशेजारचे घर तेवढे राहिले. पूल उचलल्याची घंटा वाजली की तो अजूनही खुर्चीतून अर्धवट उठे.

कॅराव्हॅन मात्र त्याचीच होती. तिच्याकरता कुणी कॅमेरा बसवला नव्हता. निघताना शेवटची तपासणी हिस्के करी. तो गाडीत बसून एकेक दिवा लावी, ती मागे उभी राहून ओरडे: "डावा! उजवा! ब्रेक!" आणि सगळे ठीक असले की उजवा हात उंच करी. आरशात तो हात दिसला की सिब्रेन निघे. इतक्या वर्षांत तो कधी उतरून मागे गेला नव्हता. दोन्हीकडे दोनदा पाहणाऱ्या माणसाने ही एक बाजू बायकोवर सोपवली होती, आणि सोपवली आहे हेही त्याच्या मनात कधी आले नव्हते.

डौवे हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचे सायकलींचे दुकान होते, जीभ चालती होती, आणि हिशेब न ठेवता उसने देण्याघेण्याची त्याला सवय होती. तरुणपणी दोघे अकरा शहरांच्या फेरीत, गोठलेल्या कालव्यांवरच्या लांब शर्यतीत, बर्फावरून स्केट घालून धावले होते. वाटेत वाऱ्याने डौवेच्या बुटाची नाडी गोठून दगड झाली, तेव्हा सिब्रेनने थांबून, हातमोजे काढून, ती तोंडातल्या वाफेने सोडवली होती. दोघे पोचले तेव्हा शेवटची रेघ बंद व्हायच्या बेतात होती. "हा नसता तर मी अजून तिथेच उभा असतो," डौवे त्यानंतर प्रत्येक मेजवानीत सांगे. पुढे दोघांची लग्ने झाली, दोघांनी कॅराव्हॅन घेतल्या, आणि दरवर्षी जुलैत हिस्के-सिब्रेन पुढे आणि डौवे-निंके मागे अशी ही वरात फ्रान्समधल्या जुरा डोंगराच्या पायथ्याला, एका नदीकाठच्या माळावर जाऊ लागली. अक्रोडाच्या झाडाखालची जागा सिब्रेनची, नळाजवळची डौवेची.

दोघांच्याही सामानात बटाटे असत. फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत अशातला भाग नाही, पण ते बटाटे नव्हेत, याविषयी या गावात दुमत नव्हते. जवळच्या बिल्ट भागातल्या चिकणमातीतला, उकडला की पिठासारखा फुटणारा बटाटा सोबत न नेता परदेशी जाणे म्हणजे अनवाणी जाणे. शहाणा माणूस पोते चाकांच्या बरोबर वर, मध्यभागी ठेवी. सिब्रेन तसेच ठेवी.

गेल्या वसंतात डौवेने नवी गाडी घेतली: अर्धी विजेवर चालणारी, चकचकीत, दिसायला दांडगी आणि ओढायला नाजूक. कॅराव्हॅन त्याची जुनीच, भली थोरली. त्या गाडीला एवढे ओझे झेपत नाही हे कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. पण विकत घेताना निंकेने तेच विचारले होते आणि डौवेने "हो, हो, हत्ती ओढेल" असे सांगितले होते. आता हत्ती कुठेतरी उतरवणे भाग होते.

निघायच्या सकाळी सिब्रेन शेजाऱ्याकडे किल्ली आणि कोंबड्यांच्या दाण्याची सूचना द्यायला गेला. परतला तेव्हा डौवेची गाडी रस्त्यावर सज्ज होती आणि हिस्के कॅराव्हॅनच्या मागे उभी होती. त्याने दिवे लावले. डावा, उजवा, ब्रेक. हात वर गेला. शेजारी दारात उभे राहून रुमाल हलवत होते, वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत. नाक आदल्या संध्याकाळी बसलेले होते.

बेल्जियममधल्या आर्देनच्या लांब उतारावर एक मालट्रक वेगाने शेजारून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅन किंचित हलली, जशी नेहमी हलते. मग थांबली नाही. डाव्या आरशात तिची भिंत दिसली, मग उजव्या आरशात, मग पुन्हा डाव्या, आणि दर खेपेला अधिक. वेसण तुटलेल्या बैलाने मालकाला मागून ढकलत न्यावे तशी ती गाडीला नेऊ लागली. हिस्के ओरडली. सिब्रेनने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरले; पुस्तकात तेच सांगितलेले असते आणि त्याच्या हातांनाही तेच ठाऊक होते. तरी गाडी आणि कॅराव्हॅन कात्रीसारख्या दुमडल्या आणि कडेच्या लोखंडी कठड्यावर किंचाळत घासत थांबल्या.

कुणाला लागले नाही. सिब्रेन कडेच्या गवतावर जाऊन बसला.

डौवे धावत आला. "उठू नकोस. बस तसाच. मागचं मी बघतो."

"धोक्याचा त्रिकोण ठेव रस्त्यात. मागून कुणी—"

"पूलवाल्या, आता तरी पूल माझ्या ताब्यात दे!"

निंकेने थर्मासमधली कॉफी आणली आणि मोडलेले नजरेला पडू नये म्हणून त्याला झाडीकडे तोंड करून बसवले. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मागे कप्प्यांच्या झडपा उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. मित्र आपल्यासाठी धावपळ करतो आहे, या विचाराने सिब्रेनचे डोळे भरून आले.

क्रेन आली, पोलीस आले. चालता चालता हिस्केला त्याने विचारले, "मी ब्रेक मारला का गं? मला आठवत नाही."

तिने क्रेनकडे पाहिले. मग म्हणाली, "बहुतेक मारलास."

उतारावर, मागे घर डुलत असताना, कचकन ब्रेक मारणे हे अक्षम्य असते. शिकाऊ माणसेही ते करत नाहीत. डौवे-निंके पुढे माळावर गेले आणि हे दोघे क्रेनमागे घरी परतले. कॅराव्हॅन दुरुस्त होऊन आली त्या दिवशी सिब्रेनने सगळे सामान होते तसे, आठवून आठवून, पुन्हा रचले आणि काट्यावर दांडका उभा केला. काटा बरोबर हवा तिथे आला. म्हणजे ओझ्यात खोट नव्हती. उरले होते ते दोन हात.

तो हिवाळा त्याने त्या हातांकडे पाहत काढला. आधी लांबचे रस्ते सोडले, मग पावसात गाडी काढणे सोडले, मग बाजारालाही हिस्केच चालवू लागली. डौवे दर रविवारी येई, खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, बिस्किटे खाई आणि समजूत घाली. "हातांचं वय होतं, पूलवाल्या. यात लाज कसली? विकून टाक तिला. माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे, तरुण आहेत, नीट ठेवतील." हिस्के विणकाम करत ऐके. सिब्रेनला वाटे, माझी माणसे किती सांभाळून बोलतात.

मार्चच्या सुरुवातीला हिस्केचा वाढदिवस होता, आणि महिनाअखेरच्या शनिवारी ते तरुण जोडपे कॅराव्हॅन न्यायला येणार होते.

वाढदिवसाला रीतीप्रमाणे खुर्च्यांचे कडे झाले. येणारा प्रत्येक जण कडे फिरून सगळ्यांशी हस्तांदोलन करत होता. "अभिनंदन सिब्रेन, बायकोच्या वाढदिवसाचं!" "अभिनंदन डौवे, मैत्रिणीच्या वाढदिवसाचं!" कॉफी झाली, केकचा एकेक तुकडा झाला, उरलेल्या केकचा डबा मिटला, आणि चीजचे तुकडे व कडू दारूचे छोटे पेले आले. बोलणे आजारपणांवर गेले. निंकेचा गुडघा शस्त्रक्रियेच्या रांगेत होता.

"हा काय आज बिघडला?" ती म्हणाली. "बटाट्यांनी बिघडवला! अख्खा फ्रान्स मी गुडघे हनुवटीला लावून पार केला. पायाखाली दोन पोती!"

कडे हसले. सिब्रेनही हसला. "मग पायाखाली कशाला? तुमच्या कॅराव्हॅनमध्ये जागा नव्हती?"

"जागा असती तर तुमच्यात कशाला ठेवली असती? तुझ्या मागच्या कप्प्यातून काढली ती थेट माझ्या पायाखाली. वर माझं लोखंडी पातेलं, मांडीवर! आणि हा म्हणतो, हलू नकोस, नाही तर—" तिला सिब्रेनचा चेहरा दिसला. तिने पेला खाली ठेवला. "अरे... तुला ठाऊक होतं ना? डौवे म्हणाला की तुला ठाऊक आहे. हिस्के, तू सांगणार होतीस ना याला?"

हिस्के चीज कापत होती. सुरी फळीवर टेकून थांबली.

"अजून कोणाला चीज हवंय?" ती म्हणाली.

सिब्रेनने पूल उघडण्याआधी पाहावे तसे पाहिले. एकीकडे डौवे: तो आपल्या पेल्यात काही पडले आहे का ते शोधत होता. दुसरीकडे हिस्के. मग त्याने पुन्हा एकदा पाहिले. त्यानंतर तो उठला आणि बाहेर, सायकली लावल्या होत्या तिथे, जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने डौवे आला. यावेच लागले असते.

"काय काय होतं?" सिब्रेनने विचारले.

"अरे, आज तिचा वाढदिवस—"

"काय काय होतं?"

"दोन पोती. तंबूचे खुंटे. पातेलं. लेका, बटाटे होते रे ते! बॉम्ब नव्हते. त्यानं काय होतंय?"

"मग काढलेस कशाला?"

डौवेचा हात कुणाच्या तरी सायकलच्या मुठीवर होता. घंटा उगाचच किणकिणली. "पोलीस आले असते, विमावाले आले असते... मागे एवढं ओझं दिसलं असतं तर तुलाच त्रास झाला असता. तुझ्या भल्यासाठी—"

"मला झाडीकडे तोंड करून बसवलंस."

"ते निंकेनं. सांगणार होतो मी. तू शांत झालास की सांगायचं, असं ठरवलं होतं. आणि तू शांत झालास तेव्हा आपणहून म्हणालास, चूक माझीच. मग काय बोलू?"

"आणि रविवारी रविवारी माझ्या खुर्चीत बसून काय बोललास? 'हातांचं वय होतं, पूलवाल्या.'"

डौवेने मुठीवरचा हात काढला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं आहेत रे आपली. बर्फावरची आहेत."

"नाडी सोडवायला मी हातमोजे काढले होते," सिब्रेन म्हणाला. "तू माझे हातच काढून नेलेस."

पाहुणे नेहमीपेक्षा लवकर गेले. स्वयंपाकघरात हिस्के पेले विसळत होती. तो दारात उभा राहिला.

"तू कप्पा उघडून दिलास?"

"दिला. तो म्हणाला, माळावर गेल्यावर काढतो, याला कशाला सांगायचं, पुन्हा सगळं मोजत बसेल. मला घाई होती. मला काय कळतं तुझ्या नाकातलं?"

"तिथे काढताना पाहिलंस?"

"पाहिलं."

"तेव्हा कळलं होतं?"

पाणी वाहत राहिले. "हो," ती म्हणाली.

"मी विचारलं होतं, ब्रेक मारला का. तू म्हणालीस, बहुतेक."

तिने नळ बंद केला आणि ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि राग पाहून तो चकित झाला. "मला जायचंच नव्हतं तिकडे! किती वर्षं सांगत होते. तोच माळ, तेच अक्रोडाचं झाड, तीच निंके. एकदा समुद्राकडे जाऊ, एकदा आगगाडीनं जाऊ. तू ऐकायचास का? तू वाकून काटा बघत असायचास. मग हे झालं आणि तू आपणहून म्हणालास, आता नको. मला वाटलं, सुटले. भांडण न होता सुटले."

"मी थांबलो नाही, हिस्के. मला थांबवलंत."

"तुला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं मला."

"वाटलं नव्हतं? बाजारालासुद्धा तू गाडी नेत होतीस. शेजारी बसून मी हात खिशात घालत होतो. पाहिलं नाहीस?"

"पाहिलं," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

दुसऱ्या दिवशी सिब्रेनने बांधाजवळच्या शेतकऱ्याकडून दोन पोती बटाटे आणले. जुने, मोड आलेले. ते मागच्या कप्प्यात टाकून त्याने काट्यावर दांडका उभा केला. काटा इतका खाली आला की कॅराव्हॅनचे नाक जवळजवळ हवेतच होते. बोटाने उचलले असते तरी उचलले गेले असते. आपले हात निर्दोष होते. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो बराच वेळ विटांवर उकिडवा बसून राहिला, आणि त्याला एवढेच जाणवत होते की हात दोषी होते तोवर त्याच्याकडे एक मित्र आणि एक बायको होती.

तरुण जोडप्याला त्याने फोन करून नाही म्हणून सांगितले. डौवे रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दारात सायकल थांबल्याचा आवाज झाला. सिब्रेन खुर्चीतून उठला नाही, आणि सायकल निघून गेली.

महिनाअखेरच्या शनिवारी, ज्या दिवशी कॅराव्हॅन जायची होती त्याच दिवशी, त्याने गाडी काढली. कप्पा रिकामा केला. सामान रचले, भार मोजला, नाक गोळ्यावर बसवले. त्याने खिडकीतून कोणाला हाक मारली नाही. तरी हिस्के कोट घालून बाहेर आली.

"कुठे निघालास?"

"बांधापर्यंत. तिथून पुढे बघू."

"मी येऊ?"

त्याने गोळ्यावर बसलेले नाक पुन्हा एकदा हलवून पाहिले. त्याच्या चालवण्यावर तिचा विश्वास आहे का, असा हा प्रश्न नव्हता. तो विश्वास तिचा कधीच गेला नव्हता, आणि तरी ती 'बहुतेक मारलास' म्हणाली होती.

"तुझं तू ठरव," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

ती सवयीने मागे गेली. त्याने दिवा लावला. "डावा!" तिचा आवाज आला. "उजवा!" मग त्याने ब्रेक दाबला. "ब्रेक!" आरशात तिचा हात वर गेला, होता तसाच, उंच आणि सरळ.

सिब्रेन आरशातल्या त्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने शेजारच्या सीटवरचा लाकडी दांडका उचलला, त्याचे एक टोक ब्रेकच्या पायपट्टीवर टेकवले, दुसरे सीटच्या कडेला दाबून बसवले, आणि दांडका नीट अडकला आहे याची खात्री करून तो खाली उतरला. कॅराव्हॅनच्या कडेकडेने, एक हात तिच्या पत्र्यावरून फिरवत, तो मागे गेला. हिस्केचा हात अजून वरच होता. तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने दोन्ही लाल दिवे पाहिले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"लागलेत," हिस्के हळूच म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "लागलेत."

तिने हात खाली घेतला.